ढग आला की वीज गेली?

सौर आणि पवन विजेवर वीजपुरवठ्याचा किती भार टाकावा, याबद्दल वाचकांकडून शंका मागवल्या होत्या. आलेल्या बहुतेक पत्रांत 'बेभरवशाची' हा शब्द आहे. शब्द एकच, पण त्यामागे तीन निराळ्या काळज्या आहेत: पुढच्या दोन सेकंदांची, आज रात्रीची आणि ऊन-वारा दोन्ही गायब झालेल्या आठवड्याची. तिन्हींची औषधे वेगळी आहेत, आणि एकीचे औषध दुसरीला लावले की वाद कधीच मिटत नाही. म्हणून उत्तर देण्याआधी प्रत्येक शंका किती वेळाची आहे, ते पाहिले आहे.

प्रश्न : १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि १०० मेगावॉटचा कोळशाचा संच सारखेच का धरतात?

धरू नयेत. मेगावॉट हा आकडा जास्तीत जास्त किती, एवढेच सांगतो. वर्षभरात हाती किती येते ते क्षमता-वापर गुणांकावरून कळते: वर्षभर पूर्ण जोराने चालून जेवढी वीज झाली असती, तिच्या किती टक्के प्रत्यक्षात झाली. वर्षाचे तास ८,७६०. गुणांक २० टक्के असलेला १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला सुमारे साडेसतरा कोटी युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) देईल. ७० टक्क्यांनी चालणारा तेवढाच कोळशाचा संच ६१ कोटींच्या वर. सौर प्रकल्पांचा गुणांक जागेप्रमाणे १० ते २५ टक्के असतो, जमिनीवरच्या पवनचक्क्यांचा साधारण २५ ते ४०, समुद्रातल्यांचा त्याहून जास्त.

पॅनेलवर छापलेला वॉटचा आकडासुद्धा प्रयोगशाळेतला असतो. चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश, अशा स्थितीत तो मोजतात. छतावर कडक उन्हात सेल सहज ६० अंशांवर जातो. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली, तर वरच्या ३५ अंशांत १२ टक्के गेले. थंड, स्वच्छ दिवशी भर दुपारी पॅनेल जास्त जोमात चालते ते यामुळेच. वाऱ्याचे गणित आणखी निष्ठुर आहे, कारण शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. सेकंदाला १२ मीटर वाऱ्यात २,००० किलोवॉट देणारी चक्की ६ मीटर वाऱ्यात २५० किलोवॉटवर येते.

पण गुणांक कमी म्हणजे वीज बेभरवशाची, ही गल्लत आहे. गुणांक आधीच ठाऊक असतो. त्या हिशेबाने पॅनेल वाढवता येतात. खरी अडचण निराळीच. मागणीचा कळस रात्री आठला येत असेल, तर त्या घटकेला सौरचा हातभार शून्य, मग पॅनेल १०० मेगावॉटचे असोत की १०,०००. त्यामुळे नियोजन करणारे गुणांकाआधी एक गोष्ट बघतात: ऐन मागणीच्या तासाला या प्रकल्पाचे किती मेगावॉट धरायचे? ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जोडलेल्या जाळ्यात, सौर जसजसा वाढतो, तसतसा पुढच्या प्रत्येक पॅनेलचा हा वाटा घटत जातो. सौरचे आकडे सांगणाऱ्यांनी हे वाक्य सहसा गाळलेले असते.

प्रश्न : एक ढग सरकला की पॅनेलची वीज झपकन उतरते, हे डोळ्यांनी पाहिले आहे. अख्खे शहर त्यावर चालवले तर दिवे मिचमिचणार नाहीत का?

एका छतापुरते तुम्ही पाहिले ते खरे. दाट ढगाखाली काही सेकंदांत उत्पादन निम्म्याहून खाली येते. पण सेकंदाला १० मीटर वेगाने सरकणाऱ्या ढगाच्या सावलीला एक किलोमीटर पार करायला १०० सेकंद लागतात. शेकडो किलोमीटरांत विखुरलेल्या हजारो छतांवर एक ढग येतो तेव्हा दुसरा गेलेला असतो. एकूण रेघ उतरते ती संथ, आणि तिच्या मागे जायला बाकीच्या संचांना सवड मिळते.

सगळे पॅनेल एकदम झाकले जाण्याची मोठी परीक्षा २० मार्च २०१५ च्या सूर्यग्रहणाने घेतली. युरोपभर सकाळी सौर उत्पादन कोसळले आणि नंतर त्याहून वेगाने वर चढले. वेळ मिनिटापर्यंत ठाऊक होती, राखीव संच आधीच तयार ठेवले होते, आणि कुठेही अंधार झाला नाही. चढ-उतारापेक्षा न सांगता आलेला चढ-उतार महाग पडतो. सकाळी विरेल असा अंदाज असलेले धुके दुपारपर्यंत टिकले, धुळीचे वादळ आले, पॅनेलवर बर्फ साचला, म्हणजे नियोजन कोलमडते.

प्रश्न : वारा जोरात असतानाच काही पवनचक्क्या उभ्या दिसतात. हे कसे?

चार कारणे. वारा सेकंदाला सुमारे २५ मीटरच्या पुढे गेला की यंत्र वाचवण्यासाठी चक्की स्वतःहून पाती वाऱ्याला कड करून वळवते आणि थांबते. वादळात एकाच भागातल्या शंभर चक्क्या अशा पाठोपाठ थांबल्या, तर पूर्ण उत्पादनावरून थेट शून्य होते. नव्या यंत्रांत एकदम बंद न होता हळूहळू उत्पादन उतरवण्याची सोय देतात ती याच कारणाने. दुसरे, वाहून नेणारी पारेषण वाहिनी भरलेली असते, म्हणून नियंत्रण कक्षातून उत्पादन कमी करायला सांगितलेले असते. तिसरे, देखभाल. चौथे कारण गमतीचे आहे. वरचे डोके वाऱ्याप्रमाणे फिरते, पण आतल्या केबल मनोऱ्यातून खाली येतात. डोक्याने एकाच दिशेने दोन-तीन पूर्ण फेरे घेतले की केबलला पीळ बसतो, आणि तो सोडवायला यंत्र थांबून उलटे फिरते.

प्रश्न : औष्णिक केंद्रात शेकडो टनांचा रोटर फिरत असतो, धक्का बसला तरी तो ग्रिडला धरून ठेवतो. पॅनेलमध्ये काहीच फिरत नाही. मग ग्रिड कोण सावरणार?

आलेल्या पत्रांतली ही सर्वांत नेमकी शंका. शंका सेकंदांची आहे, आणि 'बॅटरी लावू' एवढ्या मोघम उत्तराने ती भागत नाही.

आधी आकडे. ५० हर्ट्झचे १०,००० मेगावॉटचे ग्रिड घ्या. सगळ्या यंत्रांचा मिळून जडत्व स्थिरांक ४ सेकंद धरा. म्हणजे फिरत्या रोटरांत साठलेली ऊर्जा पूर्ण भार चार सेकंद पेलेल एवढी. आता ५०० मेगावॉटचा एक संच झटक्यात निघाला. वारंवारता, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तनांची लय, सुरुवातीला सेकंदाला सुमारे ०.३१ हर्ट्झने घसरते. निम्मी यंत्रे काढून त्यांच्या जागी साधे सौर इन्व्हर्टर (पॅनेलची एकदिश वीज ग्रिडच्या प्रत्यावर्ती विजेत बदलणारी यंत्रे) बसवले, तर तीच घसरण ०.६२ होते. ४९ हर्ट्झवर आपोआप भार तोडणारे रिले लावलेले असतील, तर पहिल्या वेळी हाती सव्वातीन सेकंद मिळतात, दुसऱ्या वेळी जेमतेम दीड. वाफेच्या टर्बाइनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर झडप उघडून पुरेशी वाफ सोडेपर्यंत काही सेकंद जातात. म्हणजे जडत्व कमी झाल्यावर प्रश्न विजेच्या साठ्याचा उरत नाही, प्रतिसादाच्या वेगाचा होतो.

इथेच बॅटरीचा इन्व्हर्टर कामी येतो. सेकंदाच्या काही दशांशांत तो पूर्ण शक्ती देऊ शकतो. त्याला झडप नाही, बॉयलर नाही. पण इन्व्हर्टर दोन जातींचे असतात आणि फरक मोठा आहे. आज बसवलेले बहुतेक ग्रिडच्या मागे चालणारे आहेत. ते समोरच्या व्होल्टेजची लय ओळखतात आणि तिच्यात आपला प्रवाह मिसळतात. लयच नीट कळली नाही, तर ते गोंधळतात किंवा बाजूला होतात. दुसरी जात ग्रिड घडवणारी. हे इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज आणि लय उभी करतात, धक्का बसताच न विचारता भार उचलतात. त्यांना मागे थोडा साठा लागतो, म्हणून ते बहुधा बॅटरीबरोबर बसवतात. सौर-पवनचा वाटा वाढवायचा असेल, तर नव्या प्रत्येक मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर याच जातीचा असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नंतर बदलण्यापेक्षा सुरुवातीला मागणे कितीतरी सोपे.

जुना, साधा उपायही आहे: सिंक्रोनस कंडेन्सर. जनित्रासारखेच यंत्र, पण त्याला टर्बाइन नसते. ते ग्रिडवरून थोडी वीज घेऊन नुसते फिरत राहते. हवे तर दांड्यावर जड चाक बसवतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ पर्यंत अशी चार यंत्रे चाकासकट बसवली, आणि त्यामुळे तिथे एका वेळी चालू ठेवाव्या लागणाऱ्या वायू संचांची संख्या कमी करता आली.

तुमच्या पत्रात नसलेली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तार तुटून जमिनीला लागली, तर मोठे जनित्र काही क्षण नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओतते, आणि रिले त्यावरूनच बिघाड ओळखतो. इन्व्हर्टर आपले ट्रान्झिस्टर जळू नयेत म्हणून १.१ ते १.५ पटींवर हात आखडतो. जुन्या सेटिंगच्या रिलेला मग बिघाड आणि जास्त भार यांतला फरकच कळत नाही. म्हणून सौर-पवन वाढलेल्या भागात रिलेचा सगळा ताळमेळ नव्याने मांडावा लागतो. नुसत्या अतिप्रवाहावर न विसंबता दिशादर्शक, अंतरमापी किंवा दोन्ही टोकांचे प्रवाह ताडून पाहणारे संरक्षण घ्यावे लागते. या कामाचे उद्घाटन होत नाही, त्यामुळे ते मागे पडते.

प्रश्न : दक्षिण ऑस्ट्रेलिया २०१६, टेक्सास २०२१, स्पेन २०२५: तिन्हीकडे मोठ्या भागाची वीज गेली. प्रत्येक वेळी सौर-पवनवाले म्हणतात, आमचा दोष नाही. मग दोष कोणाचा?

तिन्ही घटना एका माळेत ओवता येत नाहीत.

दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ ला चक्रीवाताने पारेषणाचे मनोरे पाडले. दोन मिनिटांच्या आत व्होल्टेज सहा वेळा खाली बसले. तिथल्या काही पवनचक्क्यांच्या नियंत्रकात असे किती धक्के लागोपाठ सोसायचे याची मर्यादा घातलेली होती, आणि ग्रिड चालवणाऱ्यांना ती माहीत नव्हती. मर्यादा गाठताच नऊ प्रकल्पांचे मिळून ४५६ मेगावॉट सात सेकंदांच्या आत कमी झाले. तेवढा भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर पडला, तीही तुटली आणि राज्य अंधारात गेले. वारा पडला म्हणून हे झाले नाही. वारा भरपूर होता. पण 'पवनचा काही संबंध नाही' हेही खोटे. दोष एका सेटिंगचा होता, आणि तो बदलून दुरुस्त झाला.

टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत चक्क्यांच्या पात्यांवर बर्फ साचला हे खरे, पण बंद पडलेल्या क्षमतेत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वायूवरच्या संचांचा होता. विहिरी आणि वायू शुद्ध करणारी यंत्रणा गोठली. त्यात भार तोडताना वायू ढकलणाऱ्या काही ठिकाणांचीच वीज तोडली गेली. संपूर्ण ग्रिड कोसळण्यापासून ४ मिनिटे ३७ सेकंदांवर होते. तिथे कोणत्याच प्रकारच्या संचांची थंडीसाठी पुरेशी तयारी नव्हती.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास जे घडले ते आजच्या चर्चेला सर्वांत जवळचे. तिथे विजेचा तुटवडा नव्हता. व्होल्टेज वर चढत गेले, वाढीव व्होल्टेजमुळे एकेक प्रकल्प स्वतःला तोडून घेऊ लागला, आणि प्रत्येक तुटण्याने उरलेले व्होल्टेज आणखी चढले. व्होल्टेज आवरण्यासाठी यंत्राने प्रतिघाती शक्ती (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी शक्ती) शोषून घ्यावी लागते. सौर आणि पवन प्रकल्प तिथल्या नियमाप्रमाणे ठरीव शक्ती गुणकावर, म्हणजे खऱ्या आणि प्रतिघाती शक्तीचे प्रमाण कायम ठेवून, चालत होते. व्होल्टेज बघून वागणे त्यांच्याकडून अपेक्षितच नव्हते. ज्या पारंपरिक संचांकडून ते अपेक्षित होते, त्यांनीही पुरेसे केले नाही असे तपासात दिसले. इन्व्हर्टर हे काम करू शकतो, रात्रीसुद्धा. त्याला ते सांगितलेले नव्हते. पोर्तुगालने पुन्हा उभे राहायला सुरुवात केली ती एका जलविद्युत आणि एका वायू केंद्रापासून, हेही विसरू नये. शून्यातून ग्रिड उभे करण्यासाठी स्वतःच्या बळावर सुरू होणारी यंत्रे लागतात, आणि तशी यंत्रे सौर-पवनच्या युगातही नेमून ठेवावी लागणार.

प्रश्न : बॅटरीवर रात्र निघेल का? आणि आठवडा?

रात्र निघेल. आठवडा नाही.

बॅटरीला नेहमी दोन आकडे विचारावेत: मेगावॉट किती आणि मेगावॉट-तास किती. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ च्या अखेरीस सुरू झालेली हॉर्न्सडेलची बॅटरी १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तासांची होती. पूर्ण जोराने चालवली तर ती सव्वा तासाच्या थोडी पुढे टिके. तिची ख्याती रात्र काढण्यासाठी झालीच नाही. क्षणार्धात वारंवारता सावरण्यासाठी झाली. दोन्ही कामे एकच समजून बातम्या लिहिल्या जातात.

आता सरासरी १,००० मेगावॉट मागणीचे शहर घ्या. चौदा तासांची रात्र सगळी साठ्यावर काढायची तर १४,००० मेगावॉट-तास लागतील. आकडा मोठा आहे, पण ही बॅटरी वर्षातून ३०० हून जास्त वेळा भरेल आणि रिकामी होईल. तिचा खर्च तेवढ्या फेऱ्यांवर वाटला जाईल. लोह-फॉस्फेट बॅटरीत घातलेल्या विजेतली ८५ ते ९० टक्के परत मिळते. पाणी वर चढवून खाली सोडण्याच्या पद्धतीत ७० ते ८०, पण तिथे मोठा साठा करता येतो. १०० मीटर उंचीवरून एक युनिट काढायला सुमारे ४ घनमीटर पाणी लागते. १,००० मेगावॉट-तासांसाठी ४० लाख घनमीटर. उंची दुप्पट मिळाली तर पाणी निम्मे. जागा निवडताना तलावाच्या विस्तारापेक्षा कडा किती उंच आहे हे आधी बघतात ते म्हणून.

आठवड्याचे गणित निराळे. जर्मन भाषेत त्या अवस्थेला शब्दच आहे, डुंकेलफ्लाउटे: आभाळ काळोखे आणि वारा पडलेला. २०२४ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये जर्मनीने ती अनुभवली. समजा दहा दिवस आपल्या शहराला सौर-पवनकडून निम्मीच वीज मिळाली. तूट १,२०,००० मेगावॉट-तासांची, म्हणजे रात्रीच्या साठ्याच्या साडेआठ पट. आणि हा वाढीव साठा वर्षातून एक-दोनदाच वापरात येणार. बॅटरी तीच, पण ३०० फेऱ्यांऐवजी दोन. बॅटरी कितीही स्वस्त झाली तरी हे प्रमाण बदलत नाही.

इथे उपाय मिसळावे लागतात. दूरवरच्या प्रदेशांशी भक्कम वाहिन्या, कारण वारा सगळीकडे एकदम पडत नाही. डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज सौर-पवनची आहे, पण तिला नॉर्वे-स्वीडनच्या जलाशयांचा आधार आहे. गरजेपेक्षा जास्त पॅनेल आणि चक्क्या उभारून चांगल्या दिवसांत थोडी वीज वाया घालवणे, हेही कित्येकदा साठवण्यापेक्षा परवडते. हायड्रोजन महिनोन्महिने साठतो, पण घातलेल्या विजेतली ३० ते ४० टक्केच परत येते. आणि शेवटचा उपाय, जो दोन्ही बाजूंच्या कट्टर लोकांना आवडत नाही: इंधनावर चालणारे संच पाडून न टाकता राखून ठेवायचे, वर्षातून थोडेच तास चालवायचे, आणि चालवले नाही तरी तयार राहण्याबद्दल त्यांना मोबदला द्यायचा. वर्षाच्या शेवटच्या काही टक्के विजेसाठी आज तरी हा मार्ग सर्वांत सरळ आहे.

प्रश्न : पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते आयुष्यभर देत नाही, असे ऐकतो. खरे का?

नाही. बनवताना लागलेली ऊर्जा पॅनेल साधारण एक-दोन वर्षांत फेडते, पवनचक्की बहुधा वर्षाच्या आत. पॅनेल पंचवीस वर्षांहून जास्त चालते, दर वर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास क्षमता गमावत. आयुष्यभराचा कार्बन मोजला तर हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या २०१४ च्या अहवालातले मध्यम आकडे असे: युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जमिनीवरचा वारा ११.

प्रश्न : छतावर ३ किलोवॉटचे पॅनेल आहेत. बाहेर लख्ख ऊन असते आणि वीज गेली की घरात अंधार. मग उपयोग काय?

तुमचा इन्व्हर्टर ग्रिडला जोडलेला, साध्या जातीचा आहे. ग्रिड गेले की त्याने दोन सेकंदांच्या आत बंद व्हायचेच असते. तो चालू राहिला तर बाहेरची तार मृत समजून खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या छताची वीज लागेल. हा दोष नाही, सुरक्षा आहे. तिला फाटा देण्याच्या भानगडीत पडू नका.

उपाय आहे: बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि घर बाहेरच्या तारेपासून तोडणारा स्वयंचलित स्विच. आधी जरुरीचा भार वेगळ्या बोर्डावर काढा. फ्रिज दिवसाला १.२ युनिट, ५० वॉटचे तीन पंखे दहा तास म्हणजे १.५, ९ वॉटचे आठ दिवे पाच तास ०.३६, राउटर ०.२४, टीव्ही ०.३२. बेरीज ३.६२ युनिट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के आणि लोह-फॉस्फेट बॅटरीचा ८५ टक्के वापर धरला तर पावणेपाच युनिटांची, म्हणजे व्यवहारात ५ युनिटांची बॅटरी. लेड-अॅसिड घ्यायची तर ती निम्म्याहून जास्त उपसू नये, म्हणून ८ युनिट. ४८ व्होल्टला सुमारे १७० अँपिअर-तास.

चुका कुठे होतात? फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढतो. इन्व्हर्टरचा क्षणिक क्षमतेचा आकडा त्याला पुरतो का, ते आधी पाहा. लोह-फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. पॅनेलचे कनेक्टर दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत घुसवले तर ते बसतात, पण आतला संपर्क कच्चा राहतो, तापतो आणि कधी पेट घेतो. आणि बॅटरी कितीही घेतली तरी सलग तीन गडद दिवसांत पॅनेल स्वच्छ दिवसाच्या पाचव्या हिश्शावर येऊ शकते. घराच्या पातळीवरही 'आठवड्याची' शंका हीच, आणि उत्तरही तेच: भार कापा, किंवा दुसरा स्रोत ठेवा.

प्रश्न : ऐन दुपारी माझा इन्व्हर्टर 'व्होल्टेज जास्त' दाखवून बंद होतो. संध्याकाळी ठीक. इन्व्हर्टर खराब आहे का?

बहुधा नाही. वीज बाहेर ढकलायची तर तुमच्या टोकाचे व्होल्टेज रोहित्रापेक्षा (ट्रान्सफॉर्मरपेक्षा) वर असावे लागते, आणि तार जितकी बारीक वा लांब तितके जास्त वर. ५ किलोवॉटला २३० व्होल्टवर सुमारे २२ अँपिअर. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंत ३० मीटर, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार असेल तर जाऊन-येऊन ६ व्होल्ट चढतात. ६ चौरस मिलिमीटरला ४, १० ला अडीचच्या खाली.

दुपारी एकदा मीटरपाशी आणि त्याच वेळी इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजा. फरक मोठा असेल तर तुमची तार किंवा एखादा सैल स्क्रू दोषी. जोड हाताला गरम लागण्याइतका तापला असेल तर मुख्य स्विच बंद करून तंत्रज्ञाकडूनच आवळून घ्या. फरक कमी आणि मीटरपाशीच व्होल्टेज चढे असेल, तर आसपासची सगळी छते एकदम वीज ढकलत आहेत. वीज कंपनीला लेखी कळवून रोहित्राचा टॅप (त्याचे बाहेरचे व्होल्टेज ठरवणारी जोडणी) बदलून व्होल्टेज एक पायरी खाली घ्यायला सांगा, आणि इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेजनुसार प्रतिघाती शक्ती बदलणारी सोय असेल तर ती परवानगी घेऊन चालू करा. बंद होण्याची मर्यादा स्वतःच्या मनाने वाढवणे हा उपाय नाही; त्याने शेजाऱ्यांचे दिवे आणि विजेच्या मोटर जळतात.

प्रश्न : ग्रिडपासून दूरच्या आमच्या वस्तीवर सौर, एक छोटी पवनचक्की आणि बॅटरी आहे. डिझेल जनित्र आता काढून टाकावे का?

काढू नका. स्पेनच्या एल हिएरो बेटावर २०१४ पासून पवनचक्क्या आणि पाणी वर चढवणारी यंत्रणा आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात ते बेट सलग तीन आठवड्यांहून जास्त काळ निव्वळ त्यावर चालले. वर्षाचा हिशेब मात्र निम्म्याच्या आसपास राहतो, आणि डिझेलचे केंद्र तिथे आजही उभे आहे.

पण डिझेल नुसते ठेवून भागत नाही. क्षमतेच्या ३० टक्क्यांखालच्या भारावर ते बराच वेळ चालले तर इंधन पूर्ण जळत नाही, काजळी आणि तेल धुराड्यात साचते. म्हणून भर उन्हात डिझेल चालू असेल तेव्हा सौरला मागे खेचणारा नियंत्रक हवा. नाहीतर जास्तीची वीज जनित्रालाच मोटर बनवून फिरवते. महिन्यातून एकदा अर्धा तास ते पुऱ्या तापमानाला येईपर्यंत खऱ्या भारावर चालवा, रिकामे नाही. टाकीतले डिझेल वर्षभरात वापरून नवे भरा, तळाचे पाणी काढा. आणि जनित्राची स्टार्टर बॅटरी तपासा. वर्षातून दोनदा लागणारे जनित्र सुरू होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण तेच निघते.